जुन्या ब्रॉन्कोत ऑटोमॅटिक बसवायचा आहे? आधी टेप घ्या, मग गिअरबॉक्स

कोलोरॅडोत ऊरेहून टेल्युराइडकडे जाताना इमोजीन पास लागतो. उंची १३,११४ फूट, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. त्या चढावर समोरून चार गाड्यांची रांग उतरत आली आणि त्यांना वाट द्यायला मी माझी १९७१ची फोर्ड ब्रॉन्को मागे घेतली, पुढे काढली, पुन्हा मागे घेतली. चौथ्या खेपेला क्लचचा जळका वास केबिनभर झाला आणि डावा पाय थरथरायला लागला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी ठरवलं, या गाडीत ऑटोमॅटिक बसवायचा.

बसवला, पण दोनदा. पहिल्यांदा गिअरबॉक्स आधी विकत घेतला आणि गाडी नंतर मोजली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून जे करायला हवं होतं त्याच क्रमाने सगळं लिहितो. उदाहरण माझ्या गाडीचं, म्हणजे १९६६ ते १९७७ या काळातल्या पहिल्या पिढीच्या फोर्ड ब्रॉन्कोचं आहे. दुसरी जुनी फोर-बाय-फोर असेल तरी विचार करायची पद्धत हीच.

गाडीची अडचण आधी समजून घ्या

या ब्रॉन्कोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त ९२ इंच. तेवढ्यात इंजिन, गिअरबॉक्स, त्याच्या मागे डाना २० ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) आणि मग मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट, एवढं सगळं बसवायचं असतं. सुरुवातीची वर्षं कंपनी फक्त तीन गिअरचा मॅन्युअल देत होती, स्टेअरिंगखालच्या दांडीचा. १९७३पासून सी४ हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय म्हणून आला आणि १९७७पर्यंत राहिला. म्हणजे कंपनीने या चेसिसमध्ये ऑटोमॅटिक बसवून दाखवलेला आहे, पण तो सी४. त्याहून लांब जे काही बसवाल ते ट्रान्सफर केसला मागे ढकलणार, आणि ट्रान्सफर केस जितका मागे गेला तितका मागचा शाफ्ट आखूड झाला.

नवखा माणूस गिअर किती आहेत ते बघतो. माझं म्हणणं, लांबी आधी बघा.

पहिलं काम: गाडीत काय आहे ते वहीत लिहा

पन्नास वर्षांच्या गाडीत मूळचं काय उरलंय याचा भरवसा नसतो, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. इंजिन कोणतं (१७०चा सहा सिलिंडर, २८९ की ३०२ व्ही-८; आकडे घनइंचांतले), टायरची उंची किती, पुढचा ॲक्सल डाना ३० की डाना ४४, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा. मागे फोर्डचा नऊ इंची ॲक्सल असतो. त्याला मागून उघडायचं झाकण नसतं, क्राऊन-पिनियनचा (आतल्या दातेरी चक्रांच्या जोडीचा) अख्खा गोळा पुढून निघतो. त्यामुळे दात मोजायला तो सहज उघडता येत नाही.

त्यावर एक सोपी युक्ती आहे. गाडी सपाट जागेवर लावा, पुढच्या चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावा, ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक उचलून ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि मदतीला असलेल्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. शाफ्ट साडेतीन फेरे फिरला तर रेशो ३.५०, चारहून थोडे जास्त फिरला तर ४.११. दोन फेरे का? एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला दुप्पट फिरवतं, म्हणून. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकमेकांशी अडवून ठेवणारं डिफरन्शियल) असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे दोन्ही चाकं उचलून एकच फेरा द्यायचा.

मग हिशेब: हायवेवर इंजिन किती फिरेल

सूत्र पाठच करून ठेवा. ताशी मैल गुणिले ॲक्सल रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचातली उंची. उत्तर येतं इंजिनचे मिनिटाला फेरे.

माझ्या गाडीत ३३ इंची टायर आणि ४.११चा ॲक्सल. ताशी ६५ मैलांना (म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरला) सरळ टॉप गिअरमध्ये २,७२० फेरे होतात. ओव्हरड्राइव्ह (इंजिनपेक्षा शाफ्ट जलद फिरवणारा सगळ्यात वरचा गिअर) ०.७० असेल तर तेच १,९०० वर येतात. दिवसभर युटातल्या मोआबपर्यंत चालवत न्यायची असेल तर हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या काट्याला दोघांनाही कळतो.

आता तोच हिशेब ३.५०च्या ॲक्सलला लावा. टॉपमध्ये २,३००, ओव्हरड्राइव्हमध्ये जेमतेम १,६००. जुना कार्ब्युरेटरवाला ३०२ एवढ्या कमी फेऱ्यांवर डब्यासारखी चौकोनी गाडी वाऱ्याविरुद्ध ओढत नाही. छोटा चढ आला की गिअरबॉक्स तिसऱ्यात पडतो, परत चौथ्यात जातो, परत पडतो, आणि दर खेपेला तापतो. म्हणून ३.५०चा ॲक्सल आणि मोठे टायर असतील तर चार गिअरच्या मागे लागू नका, नाहीतर क्राऊन-पिनियन बदलायचा खर्चही त्यातच धरा. आणि तो पुढे-मागे दोन्हीकडे बदलावा लागतो. दोन ॲक्सल वेगवेगळ्या रेशोचे ठेवून फोर-व्हील लावला तर ट्रान्सफर केसची वाट लागते.

टेप घेऊन गाडीखाली

गाडी तिच्या वजनावर, चाकांवर उभी असताना ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजपासून (शाफ्ट बोल्टने जोडायच्या तबकडीपासून) मागच्या ॲक्सलवरच्या पिनियनच्या फ्लँजपर्यंत अंतर मोजा. मग दोन्ही फ्लँजच्या उंचीतला फरक मोजा. शाफ्टचा उतार अंशात बघायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपसुद्धा चालतं.

समजा शाफ्ट २५ इंच आहे आणि फ्लँजच्या उंचीत ८ इंचांचा फरक आहे. उतार साधारण साडेअठरा अंश. आता नवा गिअरबॉक्स आणि त्याला ट्रान्सफर केस जोडणारा अडॅप्टर मिळून चार इंचांनी लांब निघाला. शाफ्ट उरला २१ इंच, आणि उतार गेला साडेबावीस अंशांवर. चार इंचांनी चार अंश वाढले. गाडी लिफ्ट केलेली असेल तर उंचीतला फरक आधीच जास्त, मग आकडा आणखी वाईट येतो. शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे साधा एकेरी क्रॉस, एवढ्या कोनात हायवेच्या वेगाला टिकत नाही; दुहेरी क्रॉसचा शाफ्ट लागतो, पिनियनचं तोंड वर वळवून शाफ्टच्या रेषेत आणावं लागतं, आणि तरीही वीस-बावीस अंशांच्या पुढे तो लवकर झिजतो.

म्हणून अडॅप्टर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: इंजिनच्या मागच्या तोंडापासून ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजपर्यंत एकूण लांबी किती? हा आकडा जो देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नका. त्यातून तुमची आत्ताची लांबी वजा करा आणि वरचा हिशेब कागदावर मांडा. माझा पहिला गिअरबॉक्स इथेच नापास झाला असता, पण मी हा हिशेब गिअरबॉक्स गॅरेजमध्ये येऊन पडल्यावर केला.

आता गिअरबॉक्स निवडा

सी४. रेशो २.४६, १.४६ आणि १. हलका, आखूड, साधा, वायर जवळजवळ नाहीच. गाडी बहुतेक डोंगरात फिरणार असेल आणि हायवे तासाभराचा असेल तर नवख्याने डोळे झाकून हा घ्यावा. एक खाचखळगा आहे. ब्रॉन्कोच्या सी४चा मागचा, आउटपुट शाफ्ट वेगळा असतो, कारण त्याला लगेच ट्रान्सफर केस जोडायचा असतो. मस्टँगसारख्या कारमधला सी४ स्वस्तात मिळाला म्हणून आणलात तर तो उघडून शाफ्ट आणि मागचं हाऊसिंग बदलावं लागतं, आणि ते दोन भाग शोधण्यातच दिवस जातात. ब्रॉन्कोतूनच निघालेला, शाफ्ट-अडॅप्टरसकट मिळतोय का ते आधी बघा.

सी४च्या बाजूला एक छोटा गोल डबा असतो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनवर किती भार आहे हे तो व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्सला कळवतो. त्यातला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. लोक घाबरून इंजिन उघडतात. आधी ती रबरी नळी काढून आत बोट घाला; बोट लाल तेलाने ओलं झालं तर दोष डब्याचा आहे, पाच मिनिटांत बदलतो.

सी६ हा फोर्डचाच मोठा, तीन गिअरचा. त्याच्या पहिल्या गिअरची ताकद तीच, पण तो जड आहे आणि स्वतः फिरायलाच जास्त ताकद खातो. साध्या ३०२ला त्याची गरज नाही.

एओडी हा फोर्डचा चार गिअरचा ऑटोमॅटिक १९८०मध्ये आला. रेशो २.४०, १.४७, १ आणि ०.६७. कॉम्प्युटर लागत नाही, ओव्हरड्राइव्ह मिळतो, म्हणून जुन्या गाडीवाल्यांचा जीव त्याच्यावर जडतो. पण त्याचा प्राण टीव्ही केबलमध्ये आहे. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल आतला दाब ठरवते. ती सैल राहिली तर दाब कमी पडतो, क्लच प्लेट घसरतात, आणि नवाकोरा गिअरबॉक्स काही मैलांत जळतो. कार्ब्युरेटर मूळचा नसेल तर केबलची ओढ जुळवायला खास ब्रॅकेट लागतो, आणि दाबाचं गेज लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. आयडलला टीव्ही दाब शून्याजवळ, आणि केबल ठरावीक ओढून धरणारा ०.३९७ इंचाचा ब्लॉक घातल्यावर ३० ते ४० पीएसआयच्या मध्ये आला पाहिजे. गेज लावायची तयारी नसेल तर एओडी तुमच्यासाठी नाही. हे मी कळकळीने सांगतोय, कारण असे जळलेले गिअरबॉक्स मी स्वतः उघडलेले आहेत.

४आर७०डब्ल्यू हा त्याच घराण्यातला पुढचा, इलेक्ट्रॉनिक. रेशो २.८४, १.५५, १ आणि ०.७०. पहिला गिअर एओडीपेक्षा जवळजवळ अठरा टक्के खोल आहे, तो खडकांवर रांगताना जाणवतो, आणि टीव्ही केबलची कटकट नाही. त्याऐवजी लागतो कंट्रोलर. बाउमनचा क्विक ४ किंवा कॉम्पुशिफ्ट असे स्वतंत्र मिळतात. कार्ब्युरेटर असेल तर त्याला थ्रॉटल पोझिशन सेन्सर जोडायचा. वायरिंगची भीती नसेल तर हायवे आणि डोंगर दोन्हीसाठी माझं मत यालाच, आणि आज माझ्या गाडीत हाच आहे. अट एकच, लांबीचा हिशेब बसला पाहिजे. मला त्यासाठी मागचा शाफ्ट नवा करून घ्यावा लागला.

जुन्या बाजारातून हा उचलताना बेलहाऊसिंग, म्हणजे इंजिनला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड, नीट बघा. ते केसबरोबर एकसंध ओतलेलं असतं, वेगळं काढून बदलता येत नाही. ४.६ लिटरच्या इंजिनामागचा ४आर७०डब्ल्यू ३०२ला बसत नाही, बोल्टची भोकंच जुळत नाहीत. १९९६ ते २००१ या काळातली ५.० लिटर व्ही-८ची (म्हणजे ३०२चीच) फोर्ड एक्सप्लोरर शोधा, तिचा जुळतो.

डाना २०ची लो रेंज (खडकांवर हळू पण जोराने चालायचा गिअर) अपुरी वाटत असेल तर ॲटलास ट्रान्सफर केसचाही विचार होतो, त्यात ३.०, ३.८, ४.३ असे रेशो निवडता येतात. पण तो खर्च वेगळा, आणि पहिल्याच वर्षी करायची घाई नको.

फ्लेक्सप्लेट, कन्व्हर्टर आणि माझे वाया गेलेले तीन शनिवार

मॅन्युअलचं फ्लायव्हील जाऊन तिथे फ्लेक्सप्लेट ही पातळ चकती येते, आणि क्लचच्या जागी तिला जोडलेला कन्व्हर्टर, जो तेलातून ताकद पोचवतो. ३०२च्या फ्लेक्सप्लेटवर जाणूनबुजून एक वजन असतं, इंजिनचा तोल त्याच्यावर आहे. जुन्या ३०२ला २८ औंसांची लागते, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या ५.०ला ५० औंसांची. दिसायला दोन्ही सारख्याच. एका दुकानाने मला ५० औंसांची दिली आणि मी ती बघून न घेता बसवली. दोन हजार फेऱ्यांवर आरसा इतका थरथरायचा की मागची गाडी दोन दिसायची. गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं, प्लेट बदलणं, पुन्हा चढवणं, यात तीन शनिवार गेले. दातांचीही संख्या बघा, १५७ आणि १६४ असे प्रकार आहेत आणि स्टार्टर त्यावर अवलंबून असतो.

कन्व्हर्टर बसवताना घाई करू नका. आधी त्यात थोडं तेल ओता, मग तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ठेवून आत दाबत फिरवत राहा. एक खट्ट आवाज येतो, थोडा आत जातो. दुसरा येतो, आणखी आत. शेवटचा येतो तेव्हा कन्व्हर्टर पंपात नीट बसलेला असतो. दोन खट्टवर समाधान मानून पुढे गेलात तर बेलहाऊसिंग इंजिनला टेकत नाही आणि फट राहते. ती फट बोल्ट आवळून बंद करण्याचा मोह होतो. तो बोल्ट आवळलात की आतला पंप फुटतो. बेलहाऊसिंग हाताच्या जोराने इंजिनला पूर्ण चिकटलं पाहिजे, आणि चिकटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. तो फिरत असेल तरच बोल्ट लावा.

क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा चेसिसचा आडवा भाग) बहुतेक मागे सरकवावा लागतो. ब्रॉन्कोचा पुढचा शाफ्ट ड्रायव्हरच्या बाजूने जातो, म्हणून तो गिअरबॉक्सच्या पॅनला (तळाच्या तेलाच्या भांड्याला) किंवा सायलेन्सरच्या पाइपला घासत नाही ना, हे पुढचा ॲक्सल खाली लोंबकळवूनही बघा.

तापमान

डोंगरात गाडी हळू चालते, कन्व्हर्टर सतत घसरतो, आणि ती सगळी उष्णता तेलात जाते. वारा नसतो. रेडिएटरमधला कूलर एकटा पुरत नाही. त्याच्या पुढे ओळीत एक वेगळा कूलर आणि शक्य तर स्वतःचा पंखा लावा. पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर आणि डॅशवर काटा हवाच. ८० ते ९५ अंश सेल्सिअस चांगलं, ११५ ओलांडलं की थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं चढवून ठेवा आणि काटा उतरू द्या. तेलाची निवडही गिअरबॉक्सप्रमाणे: सी४ला टाइप एफ, ४आर७०डब्ल्यूला मर्कॉन व्ही. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

चालवताना जिवाशी येणारी एक गोष्ट

ऑटोमॅटिक आला की लोक पार्कवर विसंबतात. पण पार्कचा अडसर गिअरबॉक्समध्ये आहे, ट्रान्सफर केस त्याच्या मागे. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअर पार्कमध्ये असूनही चाकं मोकळी असतात आणि गाडी उतारावरून चालू पडते. जुन्या गाडीचा हँडब्रेक आधी दुरुस्त करा, मग गिअरबॉक्स चढवा. घरातल्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवा. न्यूट्रल सेफ्टी स्विचही जोडा, म्हणजे गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरणार नाही.

महाराष्ट्रातल्या जीपवाल्यांसाठी

पुण्या-नाशिकचे मित्र महिंद्राच्या जुन्या सीजे-३बीमध्ये हेच करता येईल का असं विचारतात. तिचा व्हीलबेस ८० इंच, ब्रॉन्कोपेक्षा पूर्ण एक फूट कमी. वर मांडलेला शाफ्टचा हिशेब तिथे आणखी कठोर होतो, म्हणून सुरुवात टेपनेच. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू होतं. पाना हातात घेण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

पहिल्यांदा चालू करताना

पॅन आणि कन्व्हर्टर मिळून बरंच तेल लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. चार-पाच क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) घालून इंजिन चालू करा आणि ते चालू असताना थोडं थोडं वाढवत जा. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये दहा-दहा सेकंद ठेवा, मग पार्कमध्ये, सपाट जागेवर, तेल गरम असताना तेलाची पातळी दाखवणारी पट्टी बघा. पहिले शंभर मैल घराजवळच चालवा. त्यानंतर शाफ्टचे आणि क्रॉस मेंबरचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि पॅन उतरवा. तळाशी बोटाला लागेल अशी बारीक करडी पेस्ट असेल तर पुसून नवं पॅकिंग आणि फिल्टर लावून बंद करा. चमकणारे कण किंवा पितळी कीस दिसला तर गाडी तिथेच उभी करा.